सॉफ्टनरने कपडा पेट्रोल होतो का? एका फिनिशिंगवाल्याचं लांबलचक उत्तर

ताई, तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी सुटे करतो. एक, लेकीचा फ्लीसचा नाईटसूट, तिबेटियन मार्केटमधून घेतलेला, तुम्ही दर धुण्याला शेवटच्या पाण्यात कंडिशनर, म्हणजे घरचा सॉफ्टनरच, टाकता आणि नणंदबाई म्हणाल्या की अगं सॉफ्टनरने कपडा पेट्रोलसारखा पेटतो, बंद कर ते. दोन, मिस्टरांच्या लॉन्सवरचे एफआर पडदे, म्हणजे आग धरत नाहीत म्हणून जास्तीचे पैसे मोजून घेतलेले, ते लॉन्ड्रीवाल्याने धुवून एकदम लोण्यासारखे मऊ करून आणले, सगळे खूश झाले, आणि आता कुणीतरी विचारतंय की धुताना सॉफ्टनर मारला का, तर मारलाय, मग आता काय करायचं.

माझी ओळख एवढीच की ३२ वर्षं कापडाच्या फिनिशिंगमध्ये काढली, आधी सुरतला प्रोसेस हाऊसमध्ये स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून गरम हवेत सुकवायच्या मशीनवर, मग भिवंडी, आणि शेवटची बरीच वर्षं इथे नाशिकच्या अंबडला गाड्यांच्या सीटच्या कापडाचं काम. कापड मऊ करणं हाच धंदा होता म्हणा ना. गिऱ्हाईक कापड हातात घेतं, चुरगाळतं, गालाला लावतं आणि मग भाव बोलतं, आग लावून कुणी बघत नाही. त्यामुळे सॉफ्टनरबद्दल मला राग नाही, उलट पोट भरलंय त्याच्यावर.

आधी थोडक्यात सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. पेट्रोल वगैरे काही होत नाही, तुम्ही बादलीत जे एक टोपण टाकता त्यात एवढं जळण नसतंच. पण नणंदबाई साफ चुकीच्या पण नाहीत. आणि नाईटसूटपेक्षा मला जास्त काळजी पडद्यांची वाटते. का ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल, चहा घेऊन बसा.

पॉलिस्टरचा स्वभाव समजून घ्या आधी. साधारण २५५ ते २६० अंशांना ते वितळतं, पण पेट घ्यायला त्याच्यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. म्हणजे ज्योत जवळ आली की ते पेटायच्या आधीच आक्रसतं, मागे सरकतं, वितळतं आणि थेंब होऊन खाली गळून पडतं. पळपुटं आहे एकदम. आणि हा पळपुटेपणाच त्याला वाचवतो, कारण गळताना ते उष्णता पण सोबत घेऊन जातं आणि ज्योतीसमोर जळायला काही उरतच नाही. सुती कापड तसं करत नाही, ते जागेवर उभं राहून जळतं. लॅबमध्ये एक आकडा काढतात, कापड जळत राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो त्याचा, त्याला एलओआय म्हणतात. कापूस साधारण १८, पॉलिस्टर २० ते २१, लोकर २५ च्या आसपास. आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन. म्हणजे लोकर हवेत स्वतःहून धड जळत नाही, कापूस मजेत जळतो, आणि पॉलिस्टर अगदी काठावर बसलेलं, या बाजूला ढकललं तर विझतं, त्या बाजूला ढकललं तर जळतं. सॉफ्टनरची सगळी गोष्ट या काठावरच घडते.

आता समई डोळ्यासमोर आणा. समईत नुसतं तेल ओता आणि वर काडी धरा, पेटत नाही, काडीच विझेल. वात टाकली की तेच तेल रात्रभर जळतं. वितळलेलं पॉलिस्टर म्हणजे ते तेल. जोपर्यंत वात नाही तोपर्यंत ते गळून पडतं. वात मिळाली की ते वातीवर चढून बसतं, गळत नाही आणि शांतपणे जळत राहतं. म्हणून टेरिकॉट, आपल्या शाळेच्या युनिफॉर्मचं कापड, पॉलिस्टर आणि कापूस ६७:३३ वगैरे, हे आगीच्या बाबतीत दोघांपेक्षाही वाईट वागतं. लोकांना वाटतं अर्धा कापूस आहे म्हणजे अर्धं तरी सुरक्षित, पण होतं असं की कापूस वात होतो आणि पॉलिस्टर तेल होतं. आमच्या धंद्यात याला स्कॅफोल्डिंग म्हणतात, म्हणजे बांधकामाची परांची, बांबूच्या परांचीवर गवंडी चढतो तसं वितळलेलं पॉलिस्टर त्या सांगाड्यावर टिकून राहतं. आणि वात स्वतः जळलीच पाहिजे असंही नाही, तेल वर ओढून धरलं की तिचं काम झालं.

आता सिलिकॉन. मिलमध्ये कापड मऊ करायचे मुख्य दोन मसाले. एक जुना, चरबीच्या आम्लापासून बनवलेला, पांढऱ्या मेणासारखे पापुद्रे असतात, कॅटायनिक फ्लेक्स म्हणतात, गरम पाण्यात विरघळवून वापरायचे. दुसरा सिलिकॉनचा, बहुतेक अमिनो सिलिकॉन, त्याचं दुधासारखं इमल्शन येतं, पॅडिंगच्या बाथमध्ये लिटरला १० ते ३० ग्रॅम टाकायचं, कापड बुडवून पिळून स्टेंटरला सुकवायचं. सिलिकॉनचा हात म्हणजे काय सांगू, निसरडा, रेशमी, उंदराच्या पोटासारखा. गिऱ्हाईक एकदा त्याला चटावलं की फ्लेक्सवाला माल घेत नाही. दुकानात हात लावल्या लावल्या "वा" म्हणावंसं वाटणारं जे पॉलिस्टर असतं ना, त्यावर बहुतेक वेळा सिलिकॉनच असतं.

गंमत बघा, सिलिकॉन म्हटलं की लोकांना वाटतं हे तर आगीला दाद न देणारं, केकचे साचे त्याचेच, ओव्हनमध्ये जातात. आमच्याकडे एक परचेसवाले साहेब होते, ते मीटिंगमध्ये ठासून सांगायचे की सिलिकॉन टाका, फायरप्रूफ आहे, दोन्ही कामं एकाच डब्यात होतील. साचा म्हणून बरोबर आहे त्यांचं. पण पॉलिस्टरच्या धाग्यावर नेमकं हेच अंगाशी येतं. ज्योत लागली की सिलिकॉनमधला कार्बनचा भाग उडून जातो आणि मागे राहते सिलिका, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली वाळू ज्याची बनलेली असते तीच चीज, फक्त इथे ती धाग्याभोवती अतिशय पातळ पापुद्र्यासारखी. हा पापुद्रा जळत नाही, वितळत नाही, जागचा हलत नाही. आणि त्याने आतलं वितळलेलं पॉलिस्टर धरून ठेवलं, गळू दिलं नाही, की झाली वात तयार. ज्या कापडाने पळून जाऊन जीव वाचवायचा त्याचे पाय बांधून ठेवल्यासारखं आहे हे. आणि मात्रा किती लागते त्याला? कापडाच्या वजनाच्या एखाद्या टक्क्याने पण फरक दिसतो, कधी त्याहून कमीने. म्हणून जळण म्हणून सॉफ्टनर किती हा हिशोब इथे लागूच पडत नाही. जळण पॉलिस्टर स्वतःच पुरवतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, तोंडावर आपटून शिकलो. एका हॉटेलच्या पडद्यांचा लॉट होता, एफआर पॉलिस्टर यार्न, म्हणजे धाग्याच्या आतच फॉस्फरसवालं रसायन गुंफलेलं, ट्रेव्हिरा सीएस किंवा आपल्याकडचं रेक्रॉन एफएस असतं त्या जातीचं. सॅम्पल झकास पास. बल्क केला, लॅबला पाठवला, पाचपैकी तीन पट्ट्या फेल, ज्योत वरपर्यंत चढली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, यार्नवाल्यावर खापर, रंगवाल्यावर खापर. आम्ही तर शपथेवर सांगत होतो की सॉफ्टनर टाकलाच नाही. आणि खरंच टाकला नव्हता! दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की आदल्या पाळीला त्याच पॅडरवर, म्हणजे कापड बुडवून पिळायच्या मशीनवर, लेडीज ड्रेस मटेरियल चाललं होतं सिलिकॉनमध्ये, ट्रफ, म्हणजे त्याची टाकी, नुसता पाण्याने विसळला होता, रोलर पुसले नव्हते आणि लीडरचं कापड, म्हणजे माल मशीनमध्ये ओढायला पुढे जोडतात ते, तेच होतं. तेवढ्या राहिलेल्या सिलिकॉनने घात केला. लॉट परत घासून धुतला, सोडा डिटर्जंट सगळं झालं तरी पूर्ण निघाला नाही, कारण अमिनो सिलिकॉन एकदा धाग्याला बसलं की हटत नाही, धुण्याला टिकतं म्हणून तर त्याला जास्त पैसे मिळतात. शेवटी तो माल साधा पडदा म्हणून विकला, नुकसान सोसलं, मालकाचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

त्या दिवसापासून मी एफआरच्या लॉटला वेगळा ट्रफ, वेगळं लीडर कापड, आणि अजून दोन गोष्टी बघायला लागलो ज्या कुणी बघत नाही. एक म्हणजे जेट डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या मशीनमध्ये, फेस मारायला टाकतात तो डिफोमर, त्यातही बऱ्याचदा सिलिकॉनच असतं, डायमास्तर टाकून मोकळा होतो आणि त्याला वाटतं आपण सॉफ्टनर कुठे टाकला. दुसरं म्हणजे शिलाईचा दोरा. मशीनवर सुई तापू नये म्हणून दोऱ्याला निसरडं फिनिश दिलेलं असतं, तेही पुष्कळदा सिलिकॉनचंच, आणि दोरा सुती असला तर तो आयतीच वात. असा पडदा हेमच्या, म्हणजे दुमडून शिवलेल्या काठाच्या, रेषेवरून सरळ वर जळत जातो, बाजूचं कापड शहाण्यासारखं गळत असतं आणि शिवण मात्र फटाक्याच्या वातीसारखी जाते. पिगमेंट प्रिंटचं पण तसंच, त्यातला रंग आणि तो कापडाला चिकटवणारा बाईंडर मिळून सांगाडा उभा करतात. प्रिंट नसलेला भाग पास आणि मोठ्या फुलाचा भाग फेल असं मी स्वतः बघितलंय.

बरं, तुमच्या बादलीकडे येऊ. घरच्या कंडिशनरमध्ये मुख्यतः तो चरबीच्या कुळातला कॅटायनिक माल असतो, फक्त पाण्यात पातळ केलेला आणि वास टाकलेला. त्याच्यावर धन भार असतो, ओल्या कापडावर ऋण, म्हणून तो आपणहून कापडाला जाऊन चिकटतो आणि धाग्यांना मेणासारखं वंगण होतं. म्हणूनच तो शेवटच्या पाण्यात टाकायचा, साबणासोबत टाकला की दोघं एकमेकांना मिठी मारून बसतात आणि कपड्यावर चिकट राप बसतो. यातून सिलिकॉनसारखा वाळूचा सांगाडा बनत नाही. काही ब्रँडमध्ये थोडं सिलिकॉन घालतात, पण मुख्य काम या मेणाचंच.

मग धोका कुठून येतो? लवेतून. फ्लीस कसं बनतं माहितीये का, पॉलिस्टरचं निटेड कापड तारांच्या रोलरवरून ओरबाडतात, रेझिंग म्हणतात, धागे बाहेर ओढून लव उभी करतात, कापतात, म्हणून त्यात हवा अडकते आणि ऊब येते. हवा अडकते म्हणजेच ऑक्सिजन पण तिथेच हजर. कंडिशनर काय करतो तर दबलेली, चिकटलेली लव मोकळी करतो, उभी करतो, फुलवतो. हाताला छान लागतं ते यामुळेच. पण आगीला पण तेच आवडतं, बारीक बारीक तंतू, चारी बाजूंनी हवा. गवताची पेंढी आणि विस्कटलेलं गवत यातला फरक. वर दर धुण्याला थोडा थोडा मेणाचा थर साठत जातो, तो जळणारा असतोच. टॉवेल, व्हेलवेट, फ्लॅनेल, फ्लीस या लवेच्या कापडांत हा फरक पडतो, सपाट विणीच्या शर्टात फारसा नाही. आणि इथे एक गोष्ट, सुती किंवा रेयॉनची लव पॉलिस्टरच्या लवेपेक्षा जास्त भडकते, पॉलिस्टरची लव निदान आक्रसून मणी तरी होते. अमेरिकेत १९४० च्या दशकात ब्रश केलेल्या रेयॉनचे स्वेटर आले होते, ठिणगी पडली की अंगावर क्षणात ज्वाळा पळायची, लोक त्यांना टॉर्च स्वेटरच म्हणायला लागले, आणि त्यावरून बोंबाबोंब होऊन १९५३ साली त्यांचा फ्लेमेबल फॅब्रिक्स अ‍ॅक्ट आला. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांचे वेगळे नियम १९७० च्या दशकात आले. ५० वेळा धुवून सुद्धा कापड टेस्टमध्ये टिकलं पाहिजे, पाच पट्ट्यांच्या जळालेल्या लांबीची सरासरी ७ इंचांच्या आत. तुम्ही म्हणालात ना की एका एक्स्पोर्ट सरप्लसच्या नाईटसूटवर "फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये" असं लेबल होतं, ते याच्यामुळे. नणंदबाईंनी बहुतेक तसलंच काहीतरी वाचलेलं असणार.

पण तुमच्या फ्लीसवर असं काही लेबल नाही म्हणता, म्हणजे ते एफआर नाहीच असं धरून चाला. मग बिघडवायला त्यात वेगळी सुरक्षा नव्हतीच. त्यात मिलमध्येच सिलिकॉन लागलेलं असण्याची दाट शक्यता, कारण बाजारातलं मऊ फ्लीस बहुतेक तसंच येतं, आणि ते तुम्ही घरी काढू शकत नाही. कंडिशनर मात्र काढता येतो, तीन चार धुणी नुसत्या डिटर्जंटने कोमट पाण्यात, कंडिशनर न टाकता, की बराचसा थर जातो. तर फ्लीसला, टॉवेलला कंडिशनर बंद करा. तसं पण टॉवेलला तो टाकूच नये, पाणी शोषत नाही मग, आमच्या हिला हे पटवायला मला सहा वर्षं लागली.

पण खरं सांगू का, कंडिशनरपेक्षा नाईटसूटचा घेर महत्त्वाचा. अमेरिकेत १९९६ ला नियम बदलले आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या मुलांच्या कपड्यांना एफआरच्या अटीतून सूट दिली. कारण साधं आहे, घट्ट कपड्याच्या आतून हवा खेळत नाही आणि कपडा लोंबत नसल्यामुळे ज्योतीपर्यंत जात नाही. ढगळ बाह्या, झालर, लोंबणारी नाडी, पुढची मोठी वाढ म्हणून घेतलेला दोन साईझ मोठा कुर्ता, हे जास्त घातक. नाशिकची थंडी, त्यात निफाडकडे तर पारा कुठल्या कुठे जातो, माणसं शेकोटीला बसतात, पोरं मागून येऊन वाकतात आणि फ्लीसची बाही लोंबत असते. तिथे कंडिशनर टाकला होता की नव्हता हा प्रश्नच उरत नाही. दिवाळीत नायलॉनची ओढणी आणि पोलका घालून भुईनळ्याजवळ, तेही तसंच. सणाला फटाक्याजवळ सुती, अंगाबरोबरचं, आणि ओढणी घरात. सुती पेटतं हे खरं, पण वितळून कातडीला चिकटत नाही. वितळलेलं सिंथेटिक कातडीवर बसलं की त्याची उष्णता तिथेच राहते आणि भाजणं खोल जातं. कधी तसं झालंच तर पोराला पळू द्यायचं नाही, जमिनीवर पाडून लोळवायचं, मग नळाचं साधं पाणी २० मिनिटं, बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही, ते डॉक्टरांनी काढायचं.

न्यायाने बोलायचं तर कंडिशनरची एक चांगली बाजू पण आहे, सिंथेटिकमध्ये जी तडतड होते, अंधारात स्वेटर काढताना ठिणग्या दिसतात, ती तो कमी करतो.

आता पडदे. इथे मला जरा गंभीर व्हायला लागतं. एफआर म्हणून जे विकतात त्याचे ढोबळ तीन प्रकार, आणि तुमच्या मिस्टरांकडे कुठला आहे ते बिलावर नसलं तर सप्लायरला फोन करून विचारा. पहिला, रसायन धाग्यातच असलेला, तो कितीही धुवा जात नाही. दुसरा, कापड झाल्यावर फॉस्फोनेटचं रसायन पॅड करून १९० ते २०० अंशांना भाजून धाग्यात घुसवलेलं, तोही धुण्याला बऱ्यापैकी टिकतो. तिसरा, नुसती मिठं शिंपडलेली, बोरॅक्स, बोरिक, अमोनियम फॉस्फेट वगैरे, मंडपवाले बहुतेक हेच करतात, आणि हे एका धुण्यात, नाहीतर नाशिकच्या एका पावसात गटारीला. तुमचे पडदे तिसऱ्या प्रकारातले असतील तर सॉफ्टनरचा विचार सोडून द्या, धुतले तेव्हाच एफआर संपलं, परत मारून घ्या.

पहिल्या दोन प्रकारांत सॉफ्टनर कुठला ते कळीचं. पॉलिस्टरमधला फॉस्फरसचा एफआर बऱ्याच अंशी काय करतो तर तो पळपुटेपणाच वाढवतो, लवकर वितळ, लवकर गळ, ज्योत सोड. म्हणजे ज्या गुणावर एफआर उभा आहे त्यालाच सिलिकॉन लंगडं करतं. जास्तीचे पैसे देऊन जे विकत घेतलं ते शे-दोनशे रुपयांच्या सॉफ्टनरने घालवलं. साधं पॉलिस्टर तर काठावर होतंच, एफआर पॉलिस्टर काठापासून आत नेलेलं होतं, ते परत काठावर आणून बसवलं. आणि हे बघून कळत नाही, हात लावून कळत नाही, उलट हाताला ते अजून महागडं वाटतं. लॉन्सवर काय काय असतं, होम असतो, चेफिंग डिशच्या खाली जळणारी जेल असते, कोल्ड पायरो, म्हणजे स्टेजवरच्या ठिणग्यांची कारंजी, असतं, हॅलोजन असतो पडद्याला टेकलेला. १९९५ च्या डिसेंबरात हरियाणातल्या मंडी डबवालीला शाळेच्या कार्यक्रमात मंडप पेटला, सिंथेटिक कापड, वरून वितळून लोकांच्या अंगावर, ४०० च्या वर माणसं गेली, त्यात पोरंच जास्त. गळणं चांगलं असं मी इतका वेळ सांगतोय, पण ते टेस्टच्या पट्टीला चांगलं, डोक्यावरच्या छताला नाही, हे पण लक्षात घ्या. म्हणून छताला कापड लावायचं तर उंची, बाहेर पडायच्या वाटा, वायरिंग यांच्यासकट विचार करावा लागतो, आपल्याकडे तात्पुरत्या मंडपांसाठी आयएस ८७५८ आहे, तो मिस्टरांना वाचायला सांगा. २०२७ चा सिंहस्थ येतोय, तपोवनात साधुग्राम उभं राहणार, सगळीकडे कापडच कापड, आणि प्रत्येक तंबूत धुनी नाहीतर चूल. तेव्हा एफआरची सर्टिफिकेटं वाटणारे पुष्कळ उगवतील. सर्टिफिकेट बघताना दोनच गोष्टी बघा, टेस्ट धुण्याच्या आधीची की नंतरची, आणि फिनिश केलेल्या मालाची की कच्च्या कापडाची.

आणि टेस्ट कुठली ते पण. आमचं सीटचं कापड गाडीच्या टेस्टला जायचं, त्यात पट्टी आडवी धरतात आणि मिनिटाला १०२ मिलीमीटरच्या वर जळत जाऊ नये एवढीच अट, एफएमव्हीएसएस ३०२ म्हणतात. आडवं कापड जळायला आळशी असतं. तेच कापड उभं टांगलं की ज्योत आपलं पुढचं कापड स्वतःच तापवत वर जाते, फार वेगाने. तर सीटचं सर्टिफिकेट दाखवून कुणी पडदा विकत असेल, आणि मी असा माणूस बघितलाय, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पडद्याला पडद्याचीच टेस्ट हवी, उभी.

मग मऊ एफआर पडदा मिळतच नाही का? मिळतो. सॉफ्टनरशिवाय कापड मऊ करायच्या वाटा आहेत आणि सुरतवाल्यांना त्या तोंडपाठ आहेत. पॉलिस्टरला कॉस्टिकमध्ये शिजवून त्याचं वरचं साल काढतात, वेट रिडक्शन म्हणतात, १५ ते २० टक्के वजन कमी होतं आणि धागा बारीक होऊन कापड रेशमासारखं पडतं, त्याच्यावर काहीच चोपडावं लागत नाही. हलकं कापड लवकर पेट घेतं हे खरं, त्यामुळे प्रमाणात. नाहीतर घासून, टंबलरमध्ये आपटून यांत्रिक मऊपणा आणायचा. आणि काही लावायचंच तर पॉलिस्टरच्याच कुळातले, पाणी शोषणारे सॉफ्टनर मिळतात, सिलिकॉन नसलेले, हात थोडा कोरडा येतो पण पट्टी पास होते. तेही आधी पॅड करून जाळून बघायचं, मगच लॉट. ऑर्डरवर लिहून द्यायचं "सिलिकॉनविरहित", तोंडी सांगितलेलं फिनिशिंग खात्यापर्यंत पोचत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा, मीच ते खातं होतो.

लॉन्ड्रीवाल्याला फोन करून त्याच्या सॉफ्टनरच्या कॅनच्या लेबलचा फोटो मागवा. त्यावर सिलिकॉन, अमिनो, सिलॉक्सेन, पॉलिसिलॉक्सेन यातला एक जरी शब्द असला तर ते पडदे एफआर धरायचे नाहीत, सर्टिफिकेट कितीही चांगलं असो. नुसता कॅटायनिक असेल तर अजून आशा आहे, दोन तीनदा नुसत्या डिटर्जंटने धुवून घ्या आणि मग प्रत्येक लॉटमधला एक पडदा लॅबला पाठवा. तोपर्यंत घरातल्या घरात अंदाज घ्यायचा असेल तर आतल्या हेमची बोटभर पट्टी कापा, लांब चिमट्यात धरा, खाली पाण्याची परात ठेवा, वारा नको, जवळ पोरंबाळं नकोत, आणि खालच्या टोकाला काडी लावा. चांगली पट्टी मागे सरकते, मणी गळून पाण्यात पडतो आणि वर काही राहत नाही. वाईट पट्टी जागेवर उभी राहते, ज्योत वर चढते आणि मागे राखाडी-पांढरा सांगाडा राहतो, बोटाने दाबला तर भुगा होणारा. ही काही टेस्ट नाही, सर्टिफिकेटच्या जागी चालत नाही, पण तो सांगाडा दिसला तर पुढच्या लग्नाआधी निदान होमाच्या आणि जेवणाच्या काउंटरच्या बाजूचे पडदे तरी उतरवून ठेवा, आणि मिस्टरांना माझा फोन नंबर आहेच, लॅबला पट्ट्या कापून कशा द्यायच्या ते मी येऊन दाखवतो, ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, दोन्हीकडच्या द्याव्या लागतात.